तंबोऱ्याच्या स्पेक्ट्रोग्राममधील रेषा नेमक्या कशाच्या असतात?

प्रश्न: काळी_एक (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. मी गेली काही वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहे. माझी पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज धरून गातो ती, काळी एक (सी शार्प) असून घरी मिरजेचा चार तारांचा तंबोरा आहे. जुळणी नेहमीचीच, म्हणजे मंद्र पंचम, जोडीच्या दोन षड्जाच्या तारा आणि खर्ज, म्हणजे त्याखालच्या सप्तकातला षड्ज. तंबोरा लावताना पंचम आणि खर्ज यांबद्दल मला फारशी शंका राहत नाही, परंतु जोड, म्हणजे षड्जाच्या त्या दोन तारा एकमेकींशी, खरोखर मिळाली की केवळ मिळाल्यासारखी वाटते आहे, हे ठरवताना मन साशंक राहते. कानाला डोळ्यांची जोड द्यावी, या विचाराने मी मोबाईलवर तंबोरा मुद्रित केला आणि ती ४४,१०० नमुने प्रतिसेकंद दराची वेव्ह फाइल लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे हे उजेडाने दाखवणारा आलेख, पाहिला. विंडो साइझ २०४८ होती. इतर सेटिंगला मी हात लावलेला नाही.

चित्र सुंदर दिसते, पण त्यातून जे कळायला हवे ते कळत नाही. पंचमाची तार ट्यूनरवर १०४ हर्ट्झ दाखवते आणि चित्रात त्या जागी एक जाड पट्टा आहे, परंतु तो स्थिर नसून एका सेकंदात साधारण चार वेळा उजळतो आणि मंदावतो. कानाला ती तार अशी थरथरताना जाणवत नाही. खर्जाची रेषा ६९ हर्ट्झच्या आसपास असायला हवी, तेथे जवळजवळ अंधारच आहे, आणि तरीही ऐकताना खर्ज भरदार लागतो. याउलट ३४६ हर्ट्झच्या सुमारास एक ठळक रेषा आहे, आणि त्या स्वरात तर माझी एकही तार लावलेली नाही. शेवटची अडचण अशी की, मी न थांबता तंबोरा छेडत असूनही काही सेकंदांनंतर सगळ्याच रेषा फिकट होत जातात.

यांतील दोष तंबोऱ्याचा, मुद्रणाचा की माझ्या वाचनाचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: संकेत_घणसोली

आपण पट्टी आणि विंडो साइझ दोन्ही नमूद केल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. अशा प्रश्नांसोबत बहुतेक जण केवळ चित्र टाकतात आणि सेटिंग सांगत नाहीत. तसे चित्र वाचण्याचा काहीच उपयोग नसतो.

शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटल्याशिवाय बाकीच्या मोजमापांवर विश्वास ठेवता येणार नाही. मोबाईलचे मुद्रण मुख्यतः बोलण्यासाठी घडवलेले असते. जो आवाज बराच वेळ एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा किंवा रस्त्याचा गोंगाट असणार, असे गृहीत धरून फोनमधील गोंगाट-निवारण त्याला हळूहळू दाबत जाते. तंबोऱ्याचा नाद स्वभावतःच अखंड आणि एकसारखा असल्यामुळे त्या हिशेबाला तो गोंगाटच ठरतो. ॲन्ड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून मायक्रोफोनचा असंस्कारित आवाज घेण्याची सोय आहे; आपल्या फोनवर ती चालत असेल तर तो पर्याय देणारे मुद्रणाचे ॲप वापरा. शक्य असल्यास साधा यूएसबी मायक्रोफोन थेट लॅपटॉपला जोडणे अधिक बरे.

खर्जाच्या अंधारातही फोनचा काही वाटा आहे. वाऱ्याची आणि हाताळणीची खडखड टाळण्यासाठी फोन खालच्या वारंवारता बऱ्याचदा कापतो. पण सगळा दोष फोनचा नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतच ६९.३ हर्ट्झचा मूळ स्वर तुलनेने दुबळा असतो आणि तिची ऊर्जा १३८.६, २०७.९, २७७.२ अशा वरच्या पटींत अधिक पसरलेली असते. त्या पटींमधील समान अंतरावरून आपले श्रवण मूळ स्वर ओळखते, मग तो स्वर हवेत असो वा नसो. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे काहीच येत नसे, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटायचा, तो याच कारणाने. त्यामुळे कानाला खर्ज भरदार लागतो आणि चित्रात ती जागा रिकामी दिसते, यांत विसंगती नाही.

आता पंचमाकडे वळू. विंडो साइझ २०४८ याचा अर्थ असा की, संगणक एका वेळी २०४८ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंदांचा तुकडा घेऊन त्याचे फूरियर विश्लेषण करतो, म्हणजे त्यात कोणत्या वारंवारता किती आहेत ते मोजतो. त्या तुकड्यातून मिळणाऱ्या वारंवारतेच्या कप्प्यांमधील अंतर ४४,१०० भागिले २०४८, म्हणजे साधारण २१.५ हर्ट्झ असते. एक कप्पा ८६ वर, पुढचा थेट १०८ वर. यामुळेच आपल्याला रेषेऐवजी जाड पट्टा दिसतो, आणि या सेटिंगवर १३८ आणि १३९ यांतला फरक शोधणे अशक्य आहे. पट्ट्याच्या आत एक स्वर आहे की दोन, हेही तो पट्टा सांगू शकत नाही.

माझा तर्क असा आहे की तेथे दोन स्वर आहेत. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो आणि त्यावर चालणाऱ्या पंख्याच्या मोटारी, ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या ट्यूबलाइटचे चोक १०० हर्ट्झने गुणगुणतात, कारण चुंबकीय ओढ प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा वाढते. काळी एकचा मंद्र पंचम १०४ वर येतो. १०० आणि १०४ यांच्या मिश्रणातून सेकंदाला चार विस्पंद (आवाजाचे ठरावीक चढउतार) निर्माण होतात, आणि आपण मोजलेली थरथर नेमकी तेवढीच आहे. लहान विंडोला हे दोन स्वर सुटे दिसत नाहीत, म्हणून ती त्यांना एकच रेषा मानून तिचा उजेड कमीजास्त करते.

हे पडताळण्याचे दोन मार्ग आहेत. तंबोरा न वाजवता त्याच खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता मुद्रित करून पाहा. १०० वर रेषा राहिली तर ती पंचमाची नाही. दुसरा मार्ग, विंडो साइझ वाढवा. १६,३८४ वर कप्पे २.७ हर्ट्झ अंतरावर येतात, पण हान विंडोमध्ये (तुकड्याच्या कडा हळुवार विझवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक रेषा आजूबाजूच्या कप्प्यांत सांडत असल्यामुळे चार हर्ट्झचा फरक अजून स्वच्छ सुटत नाही. ३२,७६८ वर कप्प्यांतील अंतर १.३५ हर्ट्झ होते आणि तेथे आपल्याला थरथर नाहीशी होऊन दोन वेगळ्या, शांत रेषा दिसायला हव्यात. ध्वनी तोच, फाइल तीच. एका चित्रात एक हलणारी रेषा आणि दुसऱ्यात दोन स्थिर रेषा. दोन्ही चित्रे खरीच आहेत.

मात्र ३२,७६८ ची किंमतही लक्षात घ्यावी. तो तुकडा पाऊण सेकंदाचा असतो, त्यामुळे तार कधी छेडली तो क्षण पुसट होतो आणि छेडण्याच्या आधीच रेषा उजळू लागल्याचा भास होतो. वारंवारता बारकाईने हवी तर वेळेतला नेमकेपणा सोडावा लागतो आणि वेळ नेमकी हवी तर वारंवारतेतला, ही मर्यादा सॉफ्टवेअरच्या दर्जाची नसून मुळातलीच आहे. डेनिस गॅबॉर यांनी १९४६ मध्ये ती गणिताने मांडली. ऑडॅसिटीत झीरो पॅडिंग नावाची एक सोय आहे. तिने चित्र गुळगुळीत होते, पण दोन स्वर सुटे करण्याची ताकद वाढत नाही. तिच्या मोहात पडू नये.

उत्तर: जवारी_आणि_सूत (वाशी)

३४६ च्या रेषेबद्दल लिहिते. मी गायन शिकवते आणि यंत्रांच्या बाबतीत माझी समज बेताचीच आहे. पण ही रेषा ओळखीची आहे, कारण तंबोऱ्यासमोर बसणारी प्रत्येक पिढी ती ऐकत आली आहे. तो स्वयंभू गंधार आहे. खर्जाची तार चांगली जवारीदार, म्हणजे झणत्कार देणारी, असेल तर तिच्यातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, तो कोणी लावावा लागत नाही. ६९.३ ची पाचपट केली की ३४६.५ येते, म्हणजे आपल्या चित्रातील ठळक रेषा खर्जाचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराची पाचवी पट, आहे. खर्जाची स्वतःची जागा अंधारी आणि त्याचा गंधार मात्र ठळक, हे माझ्या मते आपला तंबोरा उत्तम बोलत असल्याचे लक्षण आहे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवण्यासारखी आहे. समान अंतराच्या पद्धतीने लावलेल्या पेटीवर काळी एकचा गंधार ३४९.२ वर येतो. तंबोऱ्याचा गंधार त्यापेक्षा पावणेतीन हर्ट्झने खाली, म्हणजे सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. भूप किंवा यमन गाताना पेटीचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार यांच्यात गळा ओढला जातो, ही जुनी तक्रार आहे, आणि तिचे मोजमाप असे समोर दिसले तर नव्या मुलांना ते लवकर पटते.

चार तारांच्या मानाने रेषा कमी का, असा प्रश्न आपण विचारला नाही, पण पुढे पडेलच. खर्जाचा दुसरा हार्मोनिक आणि जोडीचा मूळ स्वर एकाच जागी पडतात. पंचमाचा दुसरा आणि खर्जाचा तिसरा एकाच जागी पडतात. वर ४१५.८ ला तर खर्ज, पंचम आणि जोड तिन्ही येऊन मिळतात. तंबोरा लागलेला असतो तेव्हा तारा अशा एकमेकींत मिसळतात, आणि म्हणूनच चालू तंबोऱ्याच्या चित्रावरून कुठली रेषा कुठल्या तारेची हे सांगता येत नाही. जी तपासायची असेल ती तार एकटी छेडावी आणि उरलेल्या तारांवर रुमाल टाकावा.

जवारीसुद्धा आपल्याला चित्रात पाहता येईल. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या आधाराचा, माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेले सूत योग्य जागी बसले की हलणारी तार त्या माथ्याला सतत हलकेच टेकत राहते आणि प्रत्येक टेकण्यासरशी वरच्या हार्मोनिकांना नवी ऊर्जा मिळते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कोलकात्याहून प्रसिद्ध केलेल्या टिपणात तंबोरा आणि वीणा यांचे हेच वैशिष्ट्य नोंदवले होते. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे निस्पंद (न हलणारा बिंदू) असलेले हार्मोनिक उमटायलाच नकोत. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे सगळे गळायला हवेत. तंबोऱ्यात ते गळत नाहीत. घासून माथा घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांनी हे समीकरणाशिवाय साधले होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उशिराच मिळाले.

राहता राहिली जोड. आपण डोळ्यांची जोड द्यायला निघाला आहात, त्याला माझा विरोध नाही, परंतु पडद्याकडे पाहत बारीक जुळणीचे मणी सरकवण्याची सवय लावून घेऊ नये. तसे तंबोरे लावणारी मुले मी पाहिली आहेत. वीज गेली की त्यांना तंबोरा लावता येत नाही. खुंटीने जवळ आणावे, मण्याने मिळवावे आणि पडदा त्यानंतर उघडावा.

काळी_एक (नौपाडा, ठाणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. खोलीच्या शांततेच्या मुद्रणात १०० वर स्पष्ट रेषा आहे आणि २०० व ३०० वर तिच्या फिकट पटीही आहेत. पंखा बंद केल्यावर ती रेषा जवळजवळ गेली आणि पंचमाची थरथर थांबली. पंखा चालू असलेली जुनी फाइल ३२,७६८ वर उघडली असता १०० आणि १०४ या दोन निराळ्या रेषा दिसल्या. पंखा चालू असताना चित्रात इतकी थरथर होती, मग ती मला ऐकू का आली नाही, हे कुतूहल मात्र शिल्लक आहे. यूएसबी मायक्रोफोनने मुद्रण केल्यावर रेषा फिकट होण्याचा प्रकारही थांबला.

आता जोडीकडे वळतो. जोडीच्या दोन्ही तारा तेवढ्या छेडून, पंचम आणि खर्जावर रुमाल टाकून मुद्रण केले. ३२,७६८ वर पाहिले तरी १३८.६ ला एकच रेषा दिसते. याचा अर्थ जोड मिळाली, असा घ्यावा काय?

उत्तर: नेरूळ_ध्वनी

मधेच एक छोटी सूचना. पुढेमागे आपण प्राट वापरून पाहाल, म्हणून आधीच लिहितो. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचे हे मोफत सॉफ्टवेअर उच्चारांच्या अभ्यासासाठी उत्कृष्ट आहे, पण त्याची मूळ विंडो ५ मिलिसेकंदांची असते आणि तिच्यात वारंवारतेचा पट्टा सुमारे २६० हर्ट्झ रुंद होतो. बोलण्यातले व्यंजनांचे क्षण आणि स्वरांचे घाट पाहायला ते योग्य आहे. तंबोरा त्यात नुसता धुरकट दिसेल. विंडोची लांबी अर्ध्या सेकंदावर नेलीत तरच ते आपल्या कामाचे. संगीतासाठी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून आलेले सॉनिक व्हिज्युअलायझर मला अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात रेषेवर कर्सर ठेवताच वारंवारता आणि जवळचा स्वर दोन्ही वाचता येतात.

उत्तर: संकेत_घणसोली

एकच रेषा दिसते म्हणून जोड मिळाली, असा निष्कर्ष काढता येणार नाही. जोडीच्या तारांमध्ये ०.३ हर्ट्झचा फरक असेल तर तो १.३५ च्या कप्प्यात सहज लपतो. विंडो आणखी मोठी करून तो सोडवायचा म्हटले तर दहाबारा सेकंदांचा तुकडा लागेल, आणि तेवढ्या वेळात तार इतकी विझते की मोजण्यासारखे फारसे उरत नाही. येथे उलट दिशेने जावे. विंडो पुन्हा ४०९६ वर आणा, म्हणजे साधारण ९३ मिलिसेकंद, आणि मूळ स्वराकडे न पाहता वरच्या हार्मोनिकांकडे पाहा.

समजा एक तार १३८.६ वर आहे आणि दुसरी १३८.९ वर. मूळ स्वरात विस्पंद सुमारे सव्वातीन सेकंदांतून एकदा होईल, जो नादाच्या उतारात हरवून जातो. पण दहाव्या हार्मोनिकला एक तार १३८६ आणि दुसरी १३८९ देते, म्हणजे फरक दहापट होऊन सेकंदाला तीन विस्पंद पडतात. चित्रात ते त्या रेषेवरच्या उजेड-अंधाराच्या तुकड्यांसारखे दिसतात आणि जसजसे वर जावे तसतसे तुकडे दाट होत जातात. असे क्रमाने दाट होणारे तुकडे दिसले तर जोड मिळालेली नाही. पंधराव्या हार्मोनिकपर्यंत रेषा अखंड राहिली, तर राहिलेला फरक इतका सूक्ष्म असेल की त्याची चिंता करण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात जवारीमुळे वरच्या रेषा स्वतःहूनही थोड्या कमीजास्त होतात, म्हणून आधी एकाच तारेचे मुद्रण घेऊन तिचा स्वभाव पाहून ठेवावा आणि मग दोन्ही तारांच्या चित्राशी ताडून पाहावे.

ऐकण्याविषयीचे आपले कुतूहल रास्त आहे. १०० हर्ट्झच्या परिसरात आपला कान बराच मंद असतो, त्यामुळे मंद गुणगुण त्याला सहज निसटते. शिवाय पंचम आपण ओळखतो तो मुख्यतः त्याच्या वरच्या हार्मोनिकांवरून, आणि तेथे पंख्याचा उपद्रव कमी होता. पडद्यावरचा उजेड मात्र डेसिबलच्या हिशेबाने ठरतो. ऑडॅसिटीतील रेंज ८० डेसिबल असेल तर सर्वांत मोठ्या आयामाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका आवाजही काही रंग घेऊन उभा राहतो. रेंज ५० च्या आसपास आणली की पुष्कळसा उगाच दिसणारा पसारा नाहीसा होतो. चित्रात ठळक म्हणजे कानाला ठळक, असे समीकरण मांडू नये.

उत्तर: जवारी_आणि_सूत (वाशी)

वरची पद्धत वाचून बरे वाटले, कारण आम्ही शिकवतो ती हीच आहे. जोड लावताना षड्जाकडे लक्ष न देता त्याच्या वर तरंगणारा झणत्कार ऐका, तो डुलायचा थांबला की मणी सोडा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असते. तो झणत्कार म्हणजे आपले दहा-पंधरा क्रमांकाचे हार्मोनिक असणार.

एक व्यावहारिक गोष्ट जोडते. खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा दोन्ही दमट होतात, आणि वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेला तंबोरा थोड्याच वेळात उतरतो. तेव्हा मुद्रणापूर्वी तंबोरा त्याच खोलीत काही वेळ गवसणीबाहेर ठेवावा, आणि एकट्या तारेचे व दोन्ही तारांचे मुद्रण एकाच बैठकीत घ्यावे; नाहीतर जवारी आणि जोड दोन्ही बदललेली असतील आणि तुलना फुकट जाईल. सूत हलवलेत तर एकट्या तारेचे मुद्रणही नव्याने घ्या.